कोकणातल्या स्लॅबवर उष्णतारोधक थर किती जाड घ्यावा?

मे महिन्यात रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून पाहा. बाहेर खारा वारा सुटलेला असतो, अंगणात गार वाटतं, पण छत अजून कोमट लागतं. दुपारी स्लॅबने आणि कोब्याने पोटात घेतलेलं ऊन रात्री खाली उतरत असतं. पंखा लावला की तीच उष्णता अंगावर येते. कौलं काढून स्लॅब टाकलेल्या रत्नागिरी, गुहागर, देवगड, मालवण, श्रीवर्धन पट्ट्यातल्या हजारो घरांचं हे दुखणं आहे.

त्यावर उपाय शोधताना बहुतेक माणसं थेट जाडीवर येतात. दोन इंच घ्यावा की चार? हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर तिसरा. कोकणात आधी पाणी, मग पृष्ठभागाचा रंग आणि मग जाडी. पाण्याची सोय न करता टाकलेला उत्तम थर दोन पावसाळ्यांत भिजून निकामी होतो आणि भिजलेला थर उष्णता अडवत नाही.

आधी एक सावधगिरी. इंटरनेटवर सपाट छतांविषयी जी चित्रं आणि तक्ते मिळतात, त्यांतले बरेचसे थंड प्रदेशांतले आहेत. अमेरिकेतल्या थंड राज्यांत सपाट छतावर आर-३० किंवा त्याहून जास्त रोध (उष्णता अडवण्याची क्षमता) मागतात. आपल्या मापात तो सुमारे ५.३ होतो आणि त्यासाठी एक्सपीएसचा (पॉलिस्टायरिनच्या टणक फोम बोर्डाचा) जवळजवळ १७० मिलिमीटर थर लागतो. तिथे आत २० अंश आणि बाहेर शून्याखाली असा फरक महिनोन्‌महिने, दिवसरात्र असतो. आपल्याकडे बाहेरच्या आणि आतल्या हवेत आठ-दहा अंशांचाही फरक क्वचितच पडतो. आपला शत्रू हवा नाही, डोक्यावरचं ऊन आहे, आणि तेही दिवसातले सात-आठ तास. म्हणून तिथली जाडी इथे आणणं म्हणजे पैसे गच्चीत पुरणं.

दुसरा फरक वाफेचा. थंड प्रदेशात घरातली दमट उबदार हवा वर जाते आणि थंड थरात तिचं पाणी होतं, म्हणून तिथे वाफ अडवणारा पडदा उष्णतारोधकाच्या खाली, खोलीच्या बाजूला घालतात. आपल्याकडे दमट हवा बाहेर असते आणि एसी लावला तर थंड बाजू आत. पडदा हवा तो वरच्या, बाहेरच्या बाजूला. तिकडचं चित्र पाहून कुणी स्लॅबच्या खालून प्लॅस्टिक किंवा फॉइल ठोकलं, तर वरून मुरलेला ओलावा त्याच्या वर अडकतो आणि सळईला गंज चढायला आयतं घर मिळतं.

आकड्यांचा हिशेब

छतातून किती उष्णता झिरपते हे यू मूल्यावरून कळतं. आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॅट जातात, तो हा आकडा. जितका कमी, तितकं छत चांगलं.

पाच इंची म्हणजे १२५ मिमी स्लॅब, खालून प्लास्टर आणि वर चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा, असं आपलं नेहमीचं छत घेतलं तर यू मूल्य २.३ च्या आसपास येतं. कोबा नसेल तर ३.३. यातून एक गैरसमज दूर व्हावा: कोबा उष्णता अडवतो असं गवंडी सांगतात, पण भाजलेली वीट आणि सिमेंट दोन्ही उष्णतेचे बऱ्यापैकी वाहक आहेत. चार इंच कोब्याचा रोध चार मिलिमीटर एक्सपीएसइतकाच. कोबा उतार देतो आणि वॉटरप्रूफिंगला आधार देतो, तेवढंच त्याचं काम. शिवाय तो उष्णता साठवून रात्री परत देतो.

आता त्याच छतावर एक्सपीएसचे बोर्ड टाकले तर:

२५ मिमी: यू मूल्य ०.८३
५० मिमी: ०.५०
७५ मिमी: ०.३६
१०० मिमी: ०.२८

पहिल्या इंचाने २.३ वरून ०.८३ पर्यंत उतार पडला. दुसऱ्या इंचाने फक्त ०.३३ कमी झाले, तिसऱ्याने ०.१४, चौथ्याने ०.०८. पैसे मात्र प्रत्येक इंचाला सारखेच.

हे घरच्या मापात पाहू. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर गच्ची. मे महिन्यात दुपारी हवा ३४ अंश असते तेव्हा करडा, शेवाळ वाळून काळपट झालेला कोबा साठ अंशांपर्यंत तापतो. त्याच जागी स्वच्छ पांढरा पृष्ठभाग असेल तर तो ४५-४८ अंशांवर थांबतो. खोली ३० अंश धरली तर भर दुपारी आत येणारी उष्णता ढोबळमानाने अशी:

करडा कोबा, थर नाही: ६.४ किलोवॅट
पांढरा पृष्ठभाग, थर नाही: ३.४
करडा कोबा, खाली २५ मिमी: २.३
पांढरा पृष्ठभाग, खाली २५ मिमी: १.२
पांढरा पृष्ठभाग, खाली ५० मिमी: ०.७
पांढरा पृष्ठभाग, खाली १०० मिमी: ०.४

एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे नुसत्या पांढऱ्या रंगाने जवळजवळ एक टन एसीचं काम होतं, आणि ५० वरून १०० मिमीवर गेल्यावर मिळतात जेमतेम ३०० वॅट, चार पंख्यांच्या विजेइतके. (प्रत्यक्षात स्लॅबचं वजन हे शिखर थोडं बोथट करून संध्याकाळकडे ढकलतं, पण प्रमाण तेच राहतं.)

सरकारी मानकंही याच दिशेने बोट दाखवतात. २०१८ च्या इको निवास संहितेने राहत्या इमारतींच्या छताला यू मूल्याची कमाल मर्यादा १.२ घालून दिली. ती मोठ्या भूखंडांवरच्या गृहप्रकल्पांसाठी होती, गावातल्या घरावर बंधनकारक नव्हती, पण कसोटी म्हणून उपयोगी. २५ मिमी थराने आपण ती सहज पार करतो. १०० किलोवॅट किंवा अधिक वीजभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. तिने सर्वसाधारण इमारतींच्या छताला ०.३३ मागितलं, म्हणजे वरच्या छतावर सुमारे ८५ मिमी. मोठं हॉटेल बांधत असाल तर सध्याची संहिता काय मागते हे डिझाइन करतानाच पाहावं लागेल.

मग घ्यायचा किती?

एसी नसलेलं, खिडक्या उघड्या ठेवून राहायचं घर असेल तर २५ मिमी आणि वर पांढरा पृष्ठभाग पुरेसा आहे. वाऱ्यावर चालणाऱ्या घरात आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच गरम असणार. छत तापून अंगावर उष्णता फेकत नाही, एवढंच आपल्याला साधायचं असतं.

वरच्या मजल्यावर रात्री एसी चालत असेल, किंवा मे महिन्यात पाहुण्यांनी भरलेलं होमस्टे असेल, तर ५० मिमी.

आणि आमचं स्पष्ट मत असं, की एकदा गच्ची उघडलीच तर २५ चा विचार सोडून ५० घ्यावा. वॉटरप्रूफिंग, जिओटेक्स्टाइल (बोर्डावर अंथरायचं कृत्रिम कापड), काँक्रीट, चायना मोझॅक, मजुरी, सगळं दोन्हीकडे तेवढंच. वाढतो फक्त बोर्डाचा खर्च. पाच वर्षांनी एसी बसवला म्हणून पुन्हा फोडाफोड करता येत नाही. ५० च्या पुढे मात्र घरासाठी जाऊ नये. तो पैसा उतार, पाण्याचे पाइप आणि पांढऱ्या फरशीत घालावा.

आंबा किंवा मासळीच्या शीतगृहाचा हिशेब यात बसत नाही. तिथे आत-बाहेरचा फरक थंड प्रदेशासारखा असतो, तेव्हा जाडीही तशीच, १०० मिमी आणि वर, पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलची, वाफेचा अडथळा बाहेरच्या बाजूला ठेवून.

कोणता माल

गच्चीवर, पायाखाली, पावसात टिकेल असा एकच सोपा पर्याय आहे: एक्सपीएस, म्हणजे दाबून काढलेल्या पॉलिस्टायरिनचा बंद पेशींचा बोर्ड. निळा, गुलाबी किंवा हिरवट असतो. घनता ३२ ते ३५ किलो प्रति घनमीटर आणि दाब सोसण्याची ताकद २५० किलोपास्कल किंवा जास्त मागा. कडांना खाच असलेला घ्या, म्हणजे एक बोर्ड दुसऱ्यावर अर्ध्या जाडीने चढतो आणि सांध्यातून उष्णता निसटत नाही.

पांढरा थर्माकोल स्वस्त आहे आणि दुकानदार तोच पुढे करतो. कोरड्या जागी तो वाईट नाही, पण मण्यांमधल्या फटींतून वर्षानुवर्षं पाणी घेतो. जून ते सप्टेंबरात ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो अशा ठिकाणी गच्चीवर तो घालू नये. काचलोकर आणि दगडलोकर तर नकोच. एकदा भिजली की स्पंजासारखी पाणी धरून बसते.

फवारून फुगवायचा पफ रोध चांगला देतो आणि सांधे नसतात, पण स्लॅब पूर्ण कोरडा लागतो, फवारताना हवा दमट किंवा वारा जोराचा असेल तर तो नीट चिकटत नाही, आणि वरचा रंगाचा लेप जिथे सोलला तिथे उन्हाने त्याची भुकटी होते. ज्या गच्चीवर वर्षातून दोनदाच माणूस चढतो तिथे ठीक. आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये आंबापोळ्या, सांडगे, काजूबिया, कोकमं वाळत असतात आणि दिवसभर ये-जा असते. तिथे फोम पायाखाली दबतो आणि कावळे टोचतात.

खालून, म्हणजे स्लॅबच्या पोटाला थर लावून पीओपी करायचा सल्लाही मिळतो. फ्लॅटमध्ये वरची गच्ची आपली नसेल तर नाइलाजाने करावा. स्वतःचं घर असेल तर टाळावा. स्लॅब तापतच राहतो. बारा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. जांभ्याची भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यात दर वर्षी उघडणारी जी आडवी भेग दिसते, ती बहुधा याच हालचालीची. थर वरून टाकला तर स्लॅबचंही ऊन अडतं आणि ही ओढाताण कमी होते. शिवाय खाली पीओपी असलं की गळती कुठे सुरू झाली तेच दिसत नाही.

सुरुवात करण्याआधी स्लॅब तपासा

पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, खालून छत पाहा. हातोडीने हलके ठोके मारत जा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तर आतलं काँक्रीट सळईच्या गंजाने सुटलंय. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत हे फार दिसतं, विशेषतः जुन्या स्लॅबमध्ये जिथे खाडीची किंवा किनाऱ्याची खारी रेती वापरली गेली. तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेली भेग, पडलेले पोपडे, हे दिसलं तर आधी दुरुस्ती. गंजलेल्या स्लॅबवर महागडा थर म्हणजे दुखणं पांघरुणाखाली झाकणं.

मग वजनाचा प्रश्न. बोर्ड स्वतः पिसासारखा हलका आहे, ५० मिमीचा चौरस मीटरला पावणेदोन किलोही नाही. पण त्यावरचं ४५ मिमी काँक्रीट आणि चायना मोझॅक मिळून चौरस मीटरला सुमारे १६० किलो होतात. ९३ चौरस मीटरला पंधरा टन. आणि खाली नवा कोबा केला तर आणखी वीस टनांच्या घरात. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरतात तो चल भारच मुळी चौरस मीटरला १५० किलो. म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर थर, असं कधीही करू नका. जुना काढा, मग नवा घाला, आणि वीस वर्षांहून जुना स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. तो वजन नको म्हणाला तर काय करायचं ते पुढे आहे.

तिसरी तपासणी उंचीची. कोबा, बोर्ड, काँक्रीट आणि फरशी मिळून गच्ची उघड्या स्लॅबपेक्षा २०० ते २३० मिमीने वर येते. जिन्याच्या खोलीचा उंबरा तयार पृष्ठभागापेक्षा किमान १५० मिमी उंच राहायला हवा. हे विसरल्यामुळे पहिल्याच जुलैत पाणी जिन्यावरून खाली उतरलेली घरं कमी नाहीत. पॅरापेटही तितकाच बुटका होतो. एक मीटरचा पाऊण मीटर झाला तर मुलांसाठी धोका. वर रेलिंग धरा.

चौथी, ओलाव्याची. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा स्लॅबवर चारही कडांनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झालं तर स्लॅब अजून ओला आहे. अशा स्लॅबवर मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) चिकटवलं की उन्हात आतली वाफ त्याला फोड आणते. कोकणात पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत थांबलेलं बरं.

काम कोणत्या क्रमाने

जानेवारी ते मार्च हा काळ ठरवून टाका. याचं एक कारण कोरडी हवा आणि दुसरं, ज्याकडे दुर्लक्ष होतं, ते विहिरीचं पाणी. गच्ची भरून चाचणी घ्यायला १००० चौरस फुटांना सुमारे सात हजार लिटर पाणी लागतं, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या विहिरींचा तळ दिसतो. पाण्यावाचून चाचणीच होत नाही आणि पहिली चाचणी थेट पाऊस घेतो. पाणी कमीच असेल तर गच्चीच्या मधोमध मातीचा बांध घालून अर्धी-अर्धी चाचणी घ्या, तेच पाणी पंपाने दुसऱ्या भागात फिरवा.

जुना कोबा काढल्यावर स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा. भेगा व्ही आकारात खोलून पॉलिमर मॉर्टरने भरा. सोलर हीटर, सौर पॅनेल, पाण्याची टाकी, डिश, जे काही पुढे बसवायचं असेल त्याचे काँक्रीटचे ठोकळे आत्ताच स्लॅबला धरून करा. २०२४ पासून सूर्यघर योजनेमुळे अनेक घरांवर पॅनेल चढत आहेत, आणि तयार वॉटरप्रूफिंगमधून ड्रिलने आरपार भोकं पाडून खांब उभे करणं हे गळतीचं ठळक कारण झालं आहे.

उतार बोर्डाच्या खाली द्या, वर नाही. १०० ला १ हा किमान. आपल्या पावसाला ८० ला १ चांगला. दोरी आणि लेव्हल पाइप लावूनच, नजरेने नाही. दर ४० चौरस मीटरला ११० मिमीचा एक पाइप धरा आणि गच्ची कितीही लहान असो, दोन पाइप असूच द्या, कारण एकात आंब्याचा पाला अडकणारच.

पॅरापेटच्या बुडाशी गोल वाटा (कोपऱ्यातला गोलसर भराव) मारा, चार इंच त्रिज्येचा. काटकोनात मेंब्रेन वळत नाही, ते तिथेच चिरतं. मग वॉटरप्रूफिंग: पॉलिमर सिमेंटचे दोन हात फायबर जाळीसह, किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लेप, किंवा ४ मिमी एपीपी (डांबरी) मेंब्रेन. भिंतीवर ते तयार फरशीच्या वर किमान एक फूट चढलं पाहिजे. पाइपच्या तोंडाशी जोड दुहेरी करा. गळती सुरू होते ती बहुतेक वेळा सपाट भागात नाही, वाट्यात आणि पाइपच्या तोंडाशी.

आता पाइपची तोंडं बंद करून सर्वांत उंच जागी दोन इंच पाणी राहील एवढी गच्ची भरा आणि ४८ तास ठेवा. खाली छतावर आणि बाहेरून भिंतीवर दोन्ही दिवस नजर ठेवा. ओल दिसली तर आत्ता दिसली हे नशीब. बोर्ड टाकल्यावर भोक शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

गच्ची कोरडी झाली की बोर्ड. नेहमीचा बोर्ड १२५० बाय ६०० मिमीचा असतो, म्हणजे पाऊण चौरस मीटर. ९३ चौरस मीटरला १२४, कापाकापी धरून १३० मागवा. विटांच्या रचनेसारखे सांधे मोडत लावा, खाचेत खाच बसवून घट्ट. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट राहू देऊ नका. बोर्ड चिकटवायची गरज नाही, आणि चिकटवायचाच असेल तर थिनर किंवा पेट्रोल असलेला गोंद नको, तो एक्सपीएस वितळवून खातो. एपीपी मेंब्रेन टॉर्चने लावायचं काम बोर्ड येण्याआधीच संपलेलं असू द्या. ७५ अंशांच्या वर हा माल मऊ पडतो.

बोर्ड उन्हात आठवडे उघडे ठेवू नका, वरून भुकटी सुटते. आणि संध्याकाळी काम थांबवताना त्यांवर वाळूच्या गोणी ठेवा. किनाऱ्यावरचा वारा सव्वा किलोचा बोर्ड शेजारच्या वाडीत नेऊन टाकतो.

बोर्डावर १२०-१५० ग्रॅमचं जिओटेक्स्टाइल अंथरा, सांध्याला चार ते सहा इंच एकावर एक. ९३ चौरस मीटरला १०५ लागेल. सिमेंटचं दूध फटींत उतरू नये म्हणून ते हवं. त्यावर ४५ मिमी काँक्रीट, १:२:४, मध्ये कोंबडी जाळी. एकूण सव्वाचार घनमीटर, सिमेंटच्या २७ गोण्यांच्या आसपास. घमेलं घेऊन थेट बोर्डावर चालू नका, फळ्या टाकून त्यावरून जा. बोर्डाची कड तुटली की तिथे कायमची गरम पट्टी राहते.

आता या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक. उष्णतारोधकावरचं काँक्रीट नेहमीपेक्षा जास्त तापतं, कारण उष्णता खाली जाऊ शकत नाही. दुपारी फुगतं, पहिल्या सरीत एकदम आखडतं. ते अखंड ओतलं तर कोपरे वर उचलले जातात, आणि ते पॅरापेटला बाहेर ढकलतं. बाहेरून पाहिलं तर पॅरापेटच्या बुडाशी सरळ आडवी भेग दिसते आणि मालक गवंड्याला दोष देत बसतो. म्हणून दीड मीटर बाय दीड मीटरच्या चौकटी पाडा, मध्ये १० मिमी सांधा, आणि पॅरापेटला लागून सगळीकडे २० ते २५ मिमी फट. काँक्रीट पिकल्यावर फोमची दोरी आणि पीयू सीलंट भरा. सात दिवस गोणपाट ओलं ठेवा.

काँक्रीटचं वजन आणखी एका कारणाने लागतं. पाइप तुंबून गच्ची भरली तर ५० मिमीचा बोर्ड चौरस मीटरला जवळजवळ ४८ किलोच्या जोराने वर येऊ पाहतो. नुसत्या फरशा अंथरून ठेवल्या तर त्या बोर्डासकट तरंगतात.

पाइपचं तोंड दोन पातळ्यांवर पाणी घेणारं हवं: एक फरशीच्या वरचं आणि दुसरं मेंब्रेनच्या पातळीवर, बोर्डाखाली झिरपलेलं. बाजूला भोकं असलेली जाळीची नळी बसवा, तिच्याभोवती खडी भरा. हे न केल्यास बोर्ड वर्षभर डबक्यात बसतो.

शेवटचा पृष्ठभाग पांढरा चायना मोझॅक किंवा फिकट खडबडीत फरशी. मोझॅकच्या तुकड्यांमधला सांधाही पांढऱ्या सिमेंटचा घ्या. करड्या सांध्यांनी एकूण पृष्ठभाग बराच काळवंडतो. फार गुळगुळीत नको, पावसाळ्यात पाय सटकतो. कोकमं वाळवायला एक कोपरा गडद रंगाच्या ग्लेझ्ड फरशीचा ठेवा, सांधे इपॉक्सीचे. आमसुलाचा आंबट रस सिमेंट खातो आणि पांढऱ्यावरचा डाग जात नाही.

वजन झेपत नसेल तर

जुन्या अशक्त स्लॅबला दोन मार्ग. पहिला, वॉटरप्रूफिंग दुरुस्त करून वर उष्णता परतवणारा पांढरा लेप, दोन हात. परावर्तन (ऊन परतवण्याचं प्रमाण) ०.६० पेक्षा आणि उत्सर्जन (शोषलेली उष्णता बाहेर टाकण्याचं प्रमाण) ०.९० पेक्षा कमी नसावं. डब्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे पाहा. फक्त पांढरा रंग दिसतो म्हणून भिंतीचा डिस्टेंपर चालत नाही.

दुसरा, आपल्याकडे सर्रास दिसणारी पत्र्याची शेड. ती ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते, मात्र बाजू मोकळ्या हव्यात. झड येते म्हणून चारही बाजूंनी पत्रे ठोकले की आत भट्टी होते आणि ती स्लॅबवर उतरते. झड अडवायला पत्र्याला दोन-तीन फूट जास्त पुढा द्या. अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, गरम जस्तात बुडवलेले पाइप, रबरी वॉशरचे स्क्रू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगडात किती पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं. खांबाची बैठक पॅरापेटवर नको, खालच्या कॉलमच्या डोक्यावर हवी. ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी आधी घ्या.

दर वर्षी

पांढरी गच्ची एका पावसाळ्यात हिरवी आणि दिवाळीपर्यंत काळी होते. तेव्हा वरच्या हिशेबातला पांढऱ्याचा फायदा अर्ध्यावर येतो. ऑक्टोबरात ऊन पडलं की कडक ब्रशने घासून धुवा, शेवाळ चिवट असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी पंधरा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने काढा. अॅसिड वापरू नका, ते सिमेंटचे सांधे पोखरतं. आगोटीच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पाइपच्या जाळ्या काढून पाला साफ करा, प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओतून खाली पूर्ण धार येते का ते पाहा, आणि चौकटींच्या सांध्यांतलं सीलंट अंगठ्याने दाबा. जिथे ते कडेपासून सुटलंय तेवढाच तुकडा ब्लेडने कापून नवा भरा.